लॅपटॉपमधली एकच जागा

त्याला सगळी गल्ली पेचकस म्हणे आणि तोही त्या हाकेला मुकाट ओ देई. जुने लॅपटॉप जिवंत ठेवायचे, हा त्याचा धंदा. तोंडाने फटकळ, हाताने हळवा. लग्न जमलं नाही, त्याचं खापर तो खुशाल मदरबोर्डवर फोडी.

एकदा थोरल्या बहिणीने, ताईने, आपला लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. त्यात तिच्या मुलाचा लहानपणचा व्हिडिओ होता. उतारावरून पोर धावत येई आणि अर्ध्यावर चित्र अडके, एक पाय हवेतच. आवाज मात्र पुढे निघून जाई, "आई, पकड!" पोर काही पोचत नसे.

"एवढं माझ्यापर्यंत येऊ दे रे त्याला," ताई म्हणाली.

व्हिडिओचा भार स्वतःवर घेणारं एक छोटं कार्ड पेचकसने कुठून तरी पैदा केलं. पण आत जागा एकच, आणि तिथे वायफायचं कार्ड ठाण मांडून बसलेलं. या धंद्यात अशा वेळी कोणी विचारत बसत नाही. एक उपटायचं, दुसरं बसवायचं. त्यानेही तेच केलं.

"वायफायसाठी बाहेरून लावायचं डोंगल मिळतं. उद्या आणतो," तो म्हणाला.

पोर न अडखळता धावत आलं. ताईच्या डोळ्यांना धार लागली आणि पेचकस कॉलर ताठ करून घरी गेला.

उद्याचा परवा झाला, मग आठवडे गेले. एक दिवस दुकानात गिऱ्हाइकाचा व्हिडिओ कॉल वाजला आणि पेचकसला ताई आठवली. ताईच्या घरचा फोन कधीच काढून टाकलेला, मोबाइल ती वापरत नसे. दूरदेशी गेलेला भाचा तिला दिसायचा तो त्याच लॅपटॉपवर, रविवारी. आपण त्या माउलीचा मुलगाच तोडून ठेवला! स्वतःला शिव्यांची लाखोली वाहत तो डोंगल घेऊन धावला.

"ताई, चुकलं माझं. कॉल करकरून थकला असेल गं तो! थांब, आत्ता लावतो."

त्याने लॅपटॉप पुढे ओढला. ताईने त्याचं मनगट धरलं.

"नको लावूस."

"अगं, वेड लागलं का तुला? तो तिकडे..."

"तू कार्ड काढलंस ना, त्याच्या कितीतरी आधीच त्याचा कॉल येईनासा झाला होता." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "मी केस विंचरून बसायची आणि तशीच उठायची. आता बसते तेव्हा वाटतं, करत असेल बिचारा, लागत नसेल. हे लावलंस की कळेल रे."

एरवी ज्याच्या तोंडाला लगाम नव्हता, त्या पेचकसला रडू येत होतं. त्याने डोंगल खिशात टाकलं आणि तो ताईशेजारी बसला.

ताईने व्हिडिओ लावला. पोर उतारावरून सुसाट आलं, शेवटपर्यंत आलं.

"बघ, कसा येतो," ती म्हणाली, आणि तिने तो पुन्हा पहिल्यापासून लावला.