बिनकराची पैज

लालबागच्या कापड गिरणीत साचे चालवणारा गुणाजी परब भलता तापट माणूस. शेजारचा भिवा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पोलिसांच्या गोळीनं गेला, तेव्हापासून त्यानं महालक्ष्मीला रेसचं तिकीट घेणं बंद केलं. तिकिटामागे सरकारचा कर असतो ना! "ह्या सरकारला माझ्या पैजेतला छदाम मिळणार नाही," असं तो चाळभर सांगायचा. रेसचा नाद मात्र सुटेना. मग तो चिंचपोकळीत, एका कारखान्यामागे बसणाऱ्या चोरट्या बुकीकडे चिठ्ठीवर घोडा लावू लागला. तिथं कर नव्हता.

एका रेसच्या दिवशी तिथल्या दारात हवालदार उभा राहिला. बुकीचा चेहरा पांढरा पडला. पुरावा नको म्हणून गुणाजीनं हातातली चिठ्ठी तोंडात कोंबली आणि डोळे वटारून गिळायला लागला.

हवालदारानं मागं वळून रस्ता बघितला, दार ओढून घेतलं आणि बुकीला हळूच म्हणाला, "पाच नंबरवर माझे दोन रुपये लाव. रेसकोर्सवर कर फार कापतात."

चिठ्ठी घशात अडकली होती, तरी गुणाजी ओरडला, "कर भर की रे मेल्या! तुझा पगार कुठनं होतो?"