दीड इंच

गिरीज, नंदाखाल, वटार आणि आसपासच्या समस्त वाड्यांतील रहिवाशांना, तसेच पावसाळ्यात गाडी कुठे लावावी या विवंचनेत असलेल्या आम्हा फ्लॅटवाल्यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या भाऊंनी आपली जुनी एसयूव्ही दीड इंच उचलली होती. एक इंच नव्हे. दोन तर नव्हेच. या विषयावर आता कोणी वाद घालू नये. भाऊ होते तेव्हा तो पुरेसा घालून झाला आहे.

भाऊंची गिरीजला केळीची वाडी. मी त्यांच्याकडून केळी घ्यायला म्हणून जायला लागलो आणि मग केळी हे निमित्त उरलं. मी मूळचा साताऱ्याचा, म्हणून ते मला कायम सातारकर म्हणत. माझं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना एक खोड होती. कुठलीही वस्तू असो, ती दुसऱ्याच्या जागेवर बसून बघायची. स्वतःच्या केळ्यांच्या टोपलीसमोर गिऱ्हाईक होऊन उभे राहायचे आणि स्वतःशीच नाक मुरडायचे. मी नवी गाडी घेतली तेव्हा मोठ्या हौसेनं पेढे घेऊन गेलो. भाऊ पेढा तोंडात टाकून सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. गुडघे हनुवटीला टेकले. तसेच बसून म्हणाले, "सातारकर, गाडी पुढच्याची आहे. मागच्यानं काय पाप केलंय?"

त्यांची स्वतःची गाडी रंग उडालेली, दरवाजा लावताना भांडं पडल्यासारखा आवाज करणारी. पण वाडीतला माल, आजारी माणसं, लग्नाची वरात, सगळं तिनं वाहिलेलं. मग वहिनींच्या किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि गाडीला दुसरं काम उरलं नाही. वहिनी पुढच्या सीटवर, भाऊ स्टिअरिंगवर.

पहिल्याच पावसाळ्यात घात झाला. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी एक मोरी आहे. पाऊस आणि खाडीची भरती एका वेळी आली की तिथलं पाणी जायला जागा नसते, ते वर येतं. त्या दिवशी ते दरवाज्याच्या उंबऱ्यावरून बोटभर आत आलं. गाडी बंद पडली नाही, पण वहिनींची पावलं बुडाली, साडीचा काठ भिजला, आणि त्या तशाच ओल्या काठानं दवाखान्याच्या गार खोलीत सुई टोचून घेऊन पडून राहिल्या. रात्री ताप भरला. पुढचं डायलिसिस दवाखान्यात दाखल होऊनच करावं लागलं. डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की असा ताप यांना पुन्हा परवडणार नाही.

भाऊ घरी आले आणि गेरू घेऊन मोरीच्या कठड्यावर त्या दिवशीच्या पाण्याची रेघ मारून आले. मग गाडी तिथे उभी करून रेघेशी उंबरा ताडून पाहिला. समोरून टेम्पो गेला तर उठणारी लाट धरून हिशेब निघाला दोन इंचांचा. गाडी दोन इंच उचलायची. मामला मिटला असं आम्हाला वाटलं.

मिटला नाही, कारण गाडी उचलायची ही बातमी वाडीत पसरली आणि प्रत्येकाकडे सल्ला निघाला. त्यांचा पुतण्या म्हणाला, दोन कशाला, सहा इंच उचलू, ट्रॅक्टरसारखे टायर घालू, लोक वळून बघतील. गॅरेजवाला म्हणाला, स्प्रिंगच्या वर लोखंडी गुटके बसवून देतो, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा. मी माझ्या परीनं मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दाखवले. उंच गाड्या, लाल वाळू, नद्या ओलांडणारे दाढीवाले. भाऊंनी चष्मा लावून ते सगळे शेवटपर्यंत पाहिले आणि मोबाईल परत दिला.

"यांच्या बाजूला कोनाची बायको बसलेली दिसत नाही," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. घरात जेवायला बसायचे पाट होते, ते त्यांनी ओट्याखाली एकावर एक रचले, गाडीच्या पायदानाइतकी उंची होईपर्यंत. त्यावर अर्ध्या इंचाची एकेक फळी वाढवत वहिनींना चढायला सांगितलं. वहिनींचे गुडघे आजाराआधीच गेलेले. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "गाडी उचलण्यापेक्षा मला उचला की. लग्नात तर मोठ्या ऐटीत उचललं होतंत."

पहिली फळी चढल्या. दुसरी चढल्या. तिसरीला पाय थरथरला, भाऊंनी हात पुढे केला, तो धरून चढल्या. चौथीला त्यांनी पाय उचललाच नाही. भाऊंनी वरची फळी काढून बाजूला ठेवली. मग मला म्हणाले, "पानी दोन मागतंय, गुडघा एक देतोय. दीड करू. दीडला मी हात धरीन."

असा तो दीड इंच ठरला. तो कुठल्या पुस्तकात नव्हता, कुठल्या मेकॅनिकनं सांगितला नव्हता. नवऱ्यानं हात धरला तर बायको जेवढं चढू शकते, तेवढा तो होता. पाण्याकडून उरलेला अर्धा इंच त्यांनी दरवाज्यांची कुजलेली रबरं बदलून वसूल केला.

आता उचलायचं कसं, यावर दुसरा अंक सुरू झाला. गाडीला मागे पोलादी पट्ट्यांच्या कमानी होत्या. त्यात एक जादा पट्टी घालून झटकन काम होईल असं ठरलं आणि झालंही. भाऊंनी मला गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः वहिनींच्या जागेवर बसले, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन. हुकूम एकच: नंदाखालपर्यंत जायचं आणि यायचं, खड्डे चुकवायचे नाहीत. पहिल्या खड्ड्यात अर्धा तांब्या भाऊंच्या लेंग्यावर, दुसऱ्यात उरलेला माझ्यावर. गाडी उंच झाली होती, पण बैलगाडीसारखी उसळत होती. "सुई टोचलेल्या हाताला हे चालनार नाही," भाऊ म्हणाले आणि ओल्या लेंग्यानं गाडी परत गॅरेजला लावली.

जादा पट्टी काढली. मग हायवेवरच्या एका कमानीवाल्यानं जुन्याच पट्ट्या भट्टीत तापवून, ठोकून त्यांना थोडा जास्त बाक दिला. पुढची बाजू तेवढीच वर घेतली, चाकांची अलाइनमेंट केली. पुन्हा तांब्या, पुन्हा नंदाखाल. या वेळी पाणी काठापर्यंत हेलकावलं आणि आतच राहिलं. भाऊंनी ते तिथेच पिऊन टाकलं. इतका समाधानी माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही. फक्त दिवे खाली करायचे राहून गेले होते. संध्याकाळी परत येताना आमचा उजेड रस्त्याऐवजी माडांच्या शेंड्यांवर पडत होता आणि घरट्यांतले कावळे आम्हाला शिव्या देत होते.

पण या सगळ्यात भाऊंकडून एक चूक झाली होती. वहिनींना त्यांनी सकाळी चढवून पाहिलं होतं, चहा घेतलेल्या, ताज्यातवान्या. डायलिसिसहून बाहेर पडणारं माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखं असतं, हे ते विसरले. पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या दारात वहिनींनी पायदानावर पाय ठेवला आणि तो तिथेच राहिला. हात धरून काही होईना. शेवटी वॉर्डबॉयनं आणि भाऊंनी मिळून त्यांना आत बसवलं. मला वाटलं, आता गाडी परत खाली आणतात.

दुसऱ्या खेपेला गाडीत वहिनींच्या पायाशी एक पाट दिसला. पितळी फुल्या मारलेला, खुद्द भाऊंचा, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. दवाखान्याच्या दारात तो खाली ठेवायचा, वहिनींनी आधी त्यावर, मग पायदानावर, मग आत. पाट तेव्हापासून गाडीतच राहिला. घरी भाऊ जमिनीवर मांडी घालून जेवायला लागले. दुसरे पाट होते की घरात, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "ते दुसऱ्यांचे. माझा तिकडे कामावर आहे."

त्यानंतरचे पावसाळे कसे गेले ते मी अनेकदा मागच्या सीटवरून पाहिलं आहे. मोरी आली की भाऊ वेग कमी करायचे. पाणी दरवाज्याला घासत जायचं. पलीकडे चढ लागला की रस्त्यावरची नजर न काढता ते एकच शब्द विचारायचे, "पाय?" आणि वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "कोरडे." एवढंच. एकदा वहिनींनी मुद्दाम "भिजले" म्हणून सांगितलं. भाऊंनी गाडी तिथेच थांबवली आणि वाकून त्यांच्या पावलांना हात लावून पाहिला. मागे सगळे हॉर्न वाजवत होते आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. भाऊ रागावले नाहीत. हात लेंग्याला पुसत म्हणाले, "हस. ताप आला की रडशील."

जाणार वहिनी, हे आम्ही सगळ्यांनी मनाशी धरलेलं होतं. भाऊंनीही. गेले भाऊ. मागच्या आषाढात, सकाळी केळीला टेकू लावायला म्हणून गेले आणि बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठावर बसलेले सापडले. हात अजून बांबूवर होता.

त्या दिवशी पाऊस आणि भरती एकदमच आली. शववाहिनी मोठ्या रस्त्यावर येऊन थांबली. ड्रायव्हरनं फोनवर सांगितलं की मोरीवरून गाडी घालणार नाही. माणसं छत्र्या धरून उभी राहिली. मग पुतण्यानं भाऊंच्या गाडीची मागची सीट दुमडली. सहा इंच म्हणणारा तोच पुतण्या. भाऊंना तिच्यात ठेवलं. पुतण्या त्यांच्याजवळ मागे बसला, चावी माझ्या हातात आली.

मी दरवाजा उघडला तेव्हा वहिनी पुढे येऊन उभ्या होत्या. बायका स्मशानात जात नाहीत, असं कोणीतरी हलकेच म्हणालं. त्या तिकडे वळल्यासुद्धा नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं. मी आतून पाट काढून खाली ठेवला, हात पुढे केला. हात त्यांनी घेतला नाही. दरवाज्याची कडी धरून आधी पाटावर, मग पायदानावर, मग आत, आपल्या जागेवर बसल्या. मी पाट उचलून पुन्हा त्यांच्या पायाशी ठेवला.

मोरीवर कठड्यावरची गेरूची रेघ दिसत नव्हती, पाणी तिच्या वर होतं. मी भाऊंसारखा वेग कमी केला. पाणी दरवाज्याला घासत राहिलं, तो आवाज गाडीत सगळीकडे भरला. पुतण्यानं मागे भाऊंवर हात ठेवलेला आरशात दिसत होता. मग चाकांना चढ लागला आणि आवाज थांबला.

भाऊ विचारायचे ती जागा हीच होती. मी समोर बघत होतो. मला तो शब्द येत होता, पण माझ्या तोंडून तो निघण्याचा संबंध नव्हता. वायपर फिरत राहिला. वहिनी वाकल्या, पायाखालचं पायपुसणं चाचपून पाहिलं, मागे वळल्या आणि एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, कोरडे आहेत हो."