साबण लावलेले पालक

बाईंनी स्वतःहून बदली मागितली, तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी त्यांना दोनदा विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" वरच्या शहरातून खालच्या गावात कोणी बदली मागत नसे. खालच्या गावातून वरच्या शहरात येण्यासाठी मात्र माणसं साहेबांच्या दारात चपला झिजवत.

पण बाई वरच्या शहराला विटल्या होत्या. तिथल्या शाळेत प्रयोगशाळा होती, वाचनालय होतं, प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक होता, आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला पालक होते. पालकसभेला ते शिपायाच्या आधी फाटकाशी हजर. मुलगी दुसरी आली म्हणून एक आई बाईंसमोर हमसून हमसून रडली होती. एका आजोबांनी नातवाच्या अर्ध्या मार्कासाठी तीन खेटे घातले, चौथ्या खेपेला वकील जावयाला घेऊन आले. एक वडील रात्री जेवताना फोन करून विचारत, "आज गृहपाठ कमी का?" बाईंच्या नाकी नऊ आले होते. पालक नावाचा प्राणी जिथे सापडत नाही, अशा जागी जाऊन नुसतं गणित शिकवावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

ती इच्छा अशी काही पूर्ण झाली की पुरे!

खालचं गाव हमरस्त्यावरचं. गॅरेज, वेल्डिंगची दुकानं, टायरवाले, ट्रकच्या बॉड्या बांधणारे. दिवसभर ठोकाठोक. त्या आवाजात पाढे म्हणून म्हणून इथल्या पोरांचे गळे मात्र खणखणीत झाले होते. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली आधीचे हेडमास्तर निवृत्त होताना खिशातून घेऊन गेलेले. गणिताची जागा कित्येक वर्षं रिकामी, म्हणून कवायतीचे सर गणित शिकवत. उत्तर चुकलं की मैदानाला फेरी. त्यामुळे गणितात कच्ची असलेली पोरं पळण्यात तरबेज झाली होती.

बाईंनी पहिली पालकसभा बोलावली. खुर्च्या पुसल्या, फळ्यावर छान अक्षरात स्वागत लिहिलं. सभेला एक शेळी आली आणि शेळीला शोधत एक पालक आला. बाईंनी आनंदानं विचारलं, "तुमचा मुलगा कितवीत?" तो डोकं खाजवत म्हणाला, "ते त्याच्या आईला विचारावं लागेल." आणि शेळी घेऊन गेला.

मग बाई दारोदार फिरल्या. वेल्डरनं चष्मा कपाळावर सरकवून सरळ सांगितलं, "बाई, शाळा तुमची, पोरं तुमच्या ताब्यात. मी कधी तुम्हाला बोलावलं का, की या, जरा वेल्डिंग बघा?" टायरवाला तर बाई दिसल्या की ट्रकखाली शिरायचा आणि त्या जाईपर्यंत बाहेर येत नसे.

बाईंना घाई होती, कारण शाळा सातवीपर्यंतच होती. आठवी पुलापलीकडे. पूल तसा लहानसाच, सिनेमाला जाताना पोरं तो धावत ओलांडत. पण आठवीला म्हणून तो कोणी ओलांडत नसे. सातवी झाली की मुलगा गॅरेजमध्ये आणि मुलगी घरात, हे इतकं ठरलेलं की त्यावर भांडणसुद्धा होत नसे.

आणि बाईंच्या सातवीत एक मुलगी होती. सलूनवाल्याची. दोन वेण्या, पुढे आलेले दात, आणि प्रत्येक गणिताला एकच प्रश्न, "पण असंच का?" वरच्या शहरात बाईंनी हुशार मुलं ढिगानं पाहिली होती; ती सगळी 'परीक्षेत येणार का?' विचारायची. 'असंच का' विचारणारी ही पहिलीच. शिक्षकानं असा भेदभाव करू नये, पण खरं सांगायचं तर बाईंची सगळी धडपड त्या एका पोरीसाठी होती. बाकीच्यांना आठवीत घालायचं ते तिला सोबत म्हणून.

एका रविवारी बाई सलूनवरून जात होत्या. आत पाहतात तो काय, खुर्चीत वेल्डर, बाकावर टायरवाला, मागे आणखी चार बाप रांगेत. गावातले सगळे फरारी एका खोलीत! बाई आत घुसल्या. बायकामाणसानं तिथे शिरायची रीत नव्हती, त्यामुळे रेडिओसुद्धा दचकल्यासारखा खरखरला. वेल्डर उठू लागला, पण त्याच्या गालांवर फेस आणि गळ्यापाशी वस्तरा होता.

"हलू नकोस, कापेल," सलूनवाला म्हणाला, आणि बाईंकडे वळून अदबीनं, "बोला बाई. हा कुठे जात नाही."

अशी पालकसभेला जागा मिळाली. सलूनवाला गावातला सर्वांत शहाणा माणूस, निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं. रोजचं वर्तमानपत्र त्याला जाहिरातींसकट पाठ असायचं. बाईंनी एक वाक्य बोलावं आणि त्यानं त्यावर चार बोलावीत. "अरे, शिक्षण म्हणजे धार! रोज लावावी लागते. नाहीतर गंजते. पोरीला आठवीत घालतोस ना?" असं म्हणत वस्तरा जरा हळू फिरवायचा. गिऱ्हाईक तोंड उघडू शकत नसे. मग ते अंगठा वर करी. टायरवाल्यानं फेसातून काहीतरी पुटपुटून हरकत घेतली, तेव्हा सलूनवाला म्हणाला, "मग अर्धीच करून सोडू का?" टायरवाल्याचा अंगठा ताबडतोब वर गेला.

उन्हाळा संपेपर्यंत गावातले सगळे बाप गुळगुळीत झाले होते आणि कबूलही. सलूनवाल्याच्या मुलीबद्दल बाईंनी विचारलंच नाही. जो माणूस अख्ख्या गावाला उपदेश करतो, त्याला काय विचारायचं?

शाळा उघडली त्या सकाळी बाई पुलाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. वेल्डरची मुलगी आली, टायरवाल्याचा मुलगा आला, शेळीवाल्याचाही आला. घंटा व्हायची वेळ झाली, तरी दोन वेण्या काही दिसेनात.

बाई तडक सलूनमध्ये गेल्या. खुर्चीत पुन्हा वेल्डरच होता, एक गाल झालेला, एक बाकी.

"मुलगी कुठाय?"

"मावशीकडे गेलीय," सलूनवाला आरशाकडे बघत म्हणाला.

"आत भांडी घासतेय, आवाज येतोय," वेल्डर म्हणाला.

"घरात काम असतं, बाई. तिची आई एकटी किती करणार? पुढच्या वर्षी बघू."

वेल्डर फेसासकट उभा राहिला. "वा रे वा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझ्या गळ्याला वस्तरा लावून माझ्या पोरीला पूल ओलांडायला लावलास, आणि तुझी घरात?"

"तुझ्या पोरीचं वेगळं!" सलूनवाला एकदम ओरडला. "तुझी आठवी करील, नववीत आपटेल आणि परत येईल. डोकं बेताचं तिचं."

"माझ्या पोरीचं डोकं बेताचं?"

"हो! सुखी आहेस तू! माझी नाही आपटायची. माझी आठवी करील, दहावी करील, मग बाईंच्या त्या शहरात जाईल, आणि मग आणखी कुठे कुठे. एकदा तो पूल ओलांडला की ती परत यायची नाही. मला रात्री पेपर वाचून दाखवते ती. माझे डोळे गेलेत, तुम्हाला काय माहीत? हातानं दाढ्या करतो मी, डोळ्यांनी नाही."

हे ऐकून वेल्डर आपला झालेला गाल चाचपत हळूच खाली बसला.

सलूनवाल्यानं मग बाईंना विचारलं. ओरडून नाही, अगदी हळू. "तुमचे वडील आहेत ना, बाई? त्यांची दाढी कोण करतं?"

बाईंनी आठवून पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं. मागच्या सुट्टीत वडिलांच्या हनुवटीवर कापल्याची खूण त्यांनी पाहिली होती, हात थरथरतात हेही पाहिलं होतं. पण पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, आणि विचारायचं राहून गेलं. त्यांना भयंकर लाज वाटली. उभ्या वर्गाला गप्प करणाऱ्या बाईंचे डोळे त्या साबणाच्या वासाच्या खोलीत भरून आले.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दादा, ती परत येईल असं मी सांगणार नाही. बहुतेक नाहीच यायची. पण माझ्या वडिलांनी मला घरात ठेवून घेतलं असतं ना, तर मी रोज त्यांची दाढी केली असती, आणि रोज मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या असत्या."

आत भांड्यांचा आवाज कधीच थांबला होता. दाराच्या पडद्याखाली दोन ओले पाय दिसत होते.

सलूनवाल्यानं वस्तरा पुसला. पुन्हा पुसला. वेल्डरच्या गालावरचा फेस वाळत आला होता.

"आठवीला गणवेश कोणत्या रंगाचा असतो?" सलूनवाल्यानं विचारलं.

"निळा," बाई म्हणाल्या.

"निळा तिला अजिबात शोभत नाही," सलूनवाला म्हणाला, आणि वेल्डरच्या गळ्यातला टॉवेल ओढून त्यात तोंड खुपसून पोरासारखा रडू लागला.