जडगावकर सर

कुठलाही प्राणी दिसला की जडगावकर सर आधी त्याचे पाय बघायचे. रोह्याच्या बाजारातला बैल असो की कुंडलिकेच्या काठावरचा बगळा, सरांची नजर खाली. मग मान हलवून निकाल द्यायचे. "बगळा नाय टिकायचा. त्या काड्या मोडतील." खेकड्याला मात्र त्यांनी पैकीच्या पैकी मार्क देऊन ठेवले होते. "बुटका, पाय भरपूर, वर पाठीला कवच. हा उद्या तिथं गेला तरी सुखात राहील." तिथं म्हणजे कुठं, हे आम्हां शिक्षकांना विचारावं लागत नसे.

जडगाव हा सरांनी मनानं वसवलेला ग्रह. तिथं प्रत्येक गोष्टीचं वजन इथल्या तिप्पट. सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि दिवाळी अंकांना विज्ञानकथा पाठवायचे. बहुतेक साभार परत यायच्या, तरी गडी थांबत नसे. पोरांनी त्यांचं खरं आडनाव पुसून हे नवं चिकटवलं, ते पुढे शिक्षकांच्या खोलीतही रुळलं. मी मराठी शिकवायचे, त्यामुळे त्यांची कथा आधी माझ्याकडे यायची. शुद्धलेखन तपासता तपासता मी कुरकुरायचे. "सर, नुसते सरपटणारे किती वाचायचे? एखादं लग्न तरी लावा तिथं." सर शांतपणे म्हणायचे, "बाई, लग्नाला उभं राहावं लागतं."

विनोद वाटावा असं ते बोलायचे, पण विचार पक्का असायचा. जडगावात झाडं वेलींसारखी जमिनीलगत पसरतात. भाताचं रोप लोंबीच्या भारानं आडवंच वाढतं. उंच मानेचा प्राणी नाही, कारण रक्त डोक्यापर्यंत चढणार कसं? अंडी चिखलात घालायची, नाहीतर फुटायची. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की उंच झाला तो पडला आणि पडला तो मेला. एकदा कथा माझ्या हातात देताना ते म्हणाले, "पिल्लाला उचलून घेणारी आई तिथं नसेल हो. उचलून घेणं हे हलक्या जगाचं सुख." बाहेर शाळा सुटली होती आणि सर सुमीला उचलून सायकलच्या कॅरियरवर बसवायला निघाले होते.

सुमी ही त्यांची एकुलती मुलगी. तापात दोन्ही पायांतलं बळ गेलेलं, एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, काखेत कुबडी. आई लवकर गेली, घरात बापलेक दोघंच. पोरगी हुशार आणि तोंडानं फटकळ. सर तिला जमिनीवर पाय टेकवू देत नसत म्हटलं तरी चालेल. पाणी हातात, पुस्तक हातात, अंगणाची पायरी उतरायची तर सर हजर. ती मागे एकदा शाळेच्या पटांगणात पडली होती, कपाळाला खोक पडली होती. तेव्हापासून सरांच्या मनात भीतीनं घर केलं होतं.

माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यातलं. शनिवारी अर्धी शाळा झाली की मी पेणची गाडी धरायचे आणि सोमवारी येताना सरांसाठी शाडूची माती आणायचे. जडगावचा प्रत्येक प्राणी सर आधी ओल्या मातीत करून बघत. ओली माती स्वतःच्या वजनानं खचते, तीच त्यांची परीक्षा. पाय वाकले की प्राणी नापास. जोह्याला आम्ही मूर्तीचा हात ओला असला की खाली काठीचा टेकू देतो आणि हात सुकला की काढतो. मला लहानपणापासून तीच सवय, म्हणून मी एकदा न राहवून त्यांच्या एका प्राण्याला टेकू लावला. सरांनी तो हळूच काढला. "जडगावात टेकू नाय, बाई."

सुमी सातवी झाली त्या उन्हाळ्यात सरांनी ठरवलं, की तिची शाळा बास. आठवीपासूनचे वर्ग माडीवर, जिना दगडी आणि उभा. "मी शिकवीन घरी. परीक्षेपुरतं बघू," ते म्हणाले. मी समजावलं, हेडमास्तरांनी समजावलं. सर ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच म्हणायचे.

मी सुट्टीत शाडू द्यायला गेले तेव्हा सुमी ओटीवर माती मळत होती. तिनं एक प्राणी केला. मागचे पाय नुसते फरफटणारे, पुढचे दोन हात मात्र दणकट, आणि अंगाचा सगळा भार त्या हातांवर. हात खचायला लागले, तशी तिनं अगरबत्तीच्या काड्या मोडून खाली टेकू दिले. सर म्हणाले, "काढ ते. तिथं टेकू कोण देणार?"

"दुसरा प्राणी देईल," सुमी म्हणाली. "तुमच्या जडगावात सगळे एकेकटेच ऱ्हातात काय?"

इतक्या कथा मी तपासल्या होत्या, पण दोन प्राणी शेजारी शेजारी एकाही कथेत नव्हते, हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"पडूदे ना त्याला," ती पुढं म्हणाली. "पडला तर उठंल. बाबा, मला आठवीला वर जायचंय. बसून जाईन, पण जाईन."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या प्राण्याकडे. काड्या त्यांनी काढल्या नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली. सुमी जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसली, हातांवर जोर देऊन वरच्या पायरीवर सरकली, मग त्याच्या वरच्या. एका मैत्रिणीनं कुबडी घेतली, दुसरीनं दप्तर. मध्यावर तिचा हात निसटला आणि ती दोन पायऱ्या घसरली. खाली उभ्या असलेल्या सरांचा चेहरा पांढरा पडला, पण ते हलले नाहीत. मैत्रिणीनं तिच्या पाठीला गुडघा लावला आणि सुमी परत वर सरकली.

सर जाऊनही आता काळ लोटला. त्यांची आठवण आली की मला तो जिना आठवत नाही, एसटी स्टँड आठवतो. सुमी कॉलेजला मुंबईला निघाली होती. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, उचलून ठेवा ना पोरीला." सरांचे हात पुढे झाले. मग त्यांनी ते मागं घेऊन पाठीशी बांधले. सुमी आपली आपण चढली, खिडकीशी बसली आणि गाडी निघाली.

धूळ खाली बसेपर्यंत सर तिथंच उभे होते. मग आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाले, "बाई, रिकामे हात किती जड लागतात हो." मी त्यांचा हात धरला आणि आम्ही शाळेकडे चालू लागलो.