मोराच्या टँकरबाबत खुलासा

त्या उन्हाळ्यात आम्ही देशासाठी एक कायदा लिहीत होतो आणि घरी प्यायला पाणी नव्हतं. या दोन गोष्टींचा सुरुवातीला एकमेकींशी काही संबंध नव्हता.

विधी महाविद्यालयातून मी नुकतीच निवृत्त झाले होते. निवृत्त बाई दिवसभर घरात असली की घरच्यांना ती फार दिसायला लागते. त्यामुळे बीड बायपासजवळच्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेनं मसुदा लिहायला बोलावलं तेव्हा नवऱ्यानंच घाईघाईनं माझी पर्स शोधून दिली. संस्था नवी होती. तिच्या चारही बाजूंना इमारती उठत होत्या, आणि आम्ही वर्ग घेत असताना खिडकीतून सिमेंटची धूळ येऊन टेबलावर बसायची.

संस्था चालवायचे एक निवृत्त कर्नल. माणूस सरळ, शर्टाला कडक इस्त्री, आणि बोलताना प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यायची सवय. त्यांचं म्हणणं असं, की जगात कुठंही पाहा, सैन्य शत्रूच्या मनावर परिणाम करायला माहिती सोडतं ते एक खातं, आणि इंटरनेटवरून लोकांची मतं वळवतात ते दुसरं. एकानं काय सोडलं हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. एकाची अफवा दुसरा खोडून काढतो आणि वर्षाअखेरीस दोघंही मोहीम यशस्वी झाल्याचं कळवतात. तेव्हा या सगळ्यांवर एकच समन्वयक बसवणारा कायदा हवा, आणि त्याचा नमुना आपण करून दिल्लीला पाठवायचा. दिल्लीनं मागितला होता का, हे मी एकदा विचारलं. कर्नलसाहेब म्हणाले, ‘मागितल्यावर देणं वेगळं, आणि तयार असणं वेगळं.’

मसुदा करणारे आम्ही पाचसहा जण. दोन वकील, एक निवृत्त पोलीस अधिकारी, संगणकाचे एक प्राध्यापक आणि मी. ‘प्रभाव’ या शब्दाची व्याख्या करण्यात एक अख्खा आठवडा गेला, कारण पहिल्या व्याख्येत जाहिराती बसत होत्या, दुसरीत कीर्तन आणि तिसरीत माझी सासू. पुढं कलम आलं, की आपल्याच नागरिकांवर असा प्रभाव टाकता येणार नाही. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत कर्नलसाहेबांनी खाली एक परंतुक जोडलं होतं: अनवधानानं नागरिकांवर पडलेला प्रभाव हा प्रभाव समजला जाणार नाही. मी म्हटलं, ‘साहेब, पडलेली गोष्ट पडली नाही असं कसं समजायचं?’ ते म्हणाले, कायदा त्यासाठीच असतो. पस्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं होतं म्हणून मी गप्प बसले.

मग सराव करायचं ठरलं. कागदावरचा सराव. एक अफवा उठली आहे असं धरायचं, आणि मसुद्यातल्या कलमांप्रमाणे कोण कुणाला कळवतो, खुलासा कोण करतो, ते करून बघायचं. अफवा कर्नलसाहेब स्वतः लिहायला बसले. खरी वाटायची तर तिच्यात डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट हवी, असं ते शिकवायचे. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली संस्थेच्या हौदात टँकर रिकामा होत होता. टँकरच्या मागं निळा-हिरवा मोठा मोर काढलेला होता, पिसारा पार नंबरप्लेटपर्यंत आलेला. त्यांनी लिहिलं: मोर काढलेल्या टँकरमधून वाळूजच्या बंद कंपनीच्या विहिरीतलं रसायनाचं पाणी सोसायट्यांना विकलं जात आहे, सावध राहा, पुढं पाठवा.

आम्हा सहा जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी ते टाकलं. ‘हा सराव आहे’ हे त्यांनी वेगळ्या मेसेजमध्ये लिहिलं, कारण खऱ्या अफवेत तसं लिहिलेलं नसतं.

दोन वकिलांपैकी एक फुलंब्रीहून रोज ये-जा करायचे. त्यांनी दोन्ही मेसेज बायकोला पाठवले, खरं वाटतं का बघ म्हणून. तिला खरं वाटलं. तिनं पहिला मेसेज भिशीच्या ग्रुपवर टाकला. दुसरा कशाला टाकेल? त्यात पाण्याबद्दल काहीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो मेसेज बायपासलगतच्या सातारा परिसरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तोपर्यंत त्यात एका मुलाला झालेल्या उलट्यांचीही भर पडली होती. आमच्या अध्यक्षांनी खाली लिहिलं, ‘आपल्याकडे येणारा हाच टँकर आहे.’

हाच होता. आमच्या भागात महापालिकेची पाइपलाइन यायची होती, आणि ती यायची होती हे मी घर घेतलं तेव्हापासून ऐकत होते. बोअर जानेवारीतच आटलेले. मोराचा टँकर ज्यांचा, त्यांना सगळी सोसायटी चाचा म्हणायची. साठीचे असतील. वडील हिमरूच्या शाली विणायचे, हे कधीतरी त्यांनीच सांगितलेलं. मागावर बसून पोट भरेना तेव्हा त्यांनी ट्रक चालवला, मग जुना टँकर घेतला आणि त्याच्यावर मोर काढून घेतला. वडील कापडावर मोर विणायचे म्हणून. पाणी आणायचे ते गावाकडच्या एका शेतातल्या विहिरीवरून, आणि ते आम्ही दोन उन्हाळे पीत होतो. टँकर हा त्यांचा एकुलता एक धंदा, आणि त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून गेट उघडणाऱ्या सोसायट्या हीच त्यांची मिळकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांचा टँकर आमच्या गेटवरून परत गेला. पुढच्या गेटवरूनही गेला. दुपारी ते माझ्या दारात उभे होते, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात मोबाईल.

‘मॅडम, तुम्ही कायद्याच्या हाव ना. ये पढ के बताव. माझ्या गाडीचं नाव घेतलंय का यात?’

‘नाव नाही. मोर आहे.’

‘मोर तर माझाच हाय.’ त्यांनी मोबाईल खिशात टाकला. ‘पानी तेच हाय, मॅडम. परवा पीत होते, आज जहर कसं झालं? टाकी भरलेली उभी हाय बाहेर. कुठं ओतू, सांगा.’

मी त्यांना आमच्या घरच्या टाकीत पाणी ओता म्हटलं. सामायिक टाकीत ओतू देणार नाहीत म्हणून आमच्या गॅलरीतली छोटी टाकी भरली, उरलेलं पाणी खालच्या कडुनिंबाला गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. चप्पल घातली आणि तशीच संस्थेत गेले.

कर्नलसाहेबांना सगळं कळलं होतं. त्यांना वाईटही वाटलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली कुठंतरी त्यांना आनंदही झाला होता, कारण सराव आता खरा झाला होता. त्यांनी बैठक घेतली. मसुद्याप्रमाणे खुलासा फक्त समन्वयकानं करायचा. समन्वयकाची नेमणूक कायदा झाल्यावर व्हायची. कायदा झालेला नाही, सबब समन्वयक नाही, सबब खुलासा करायला कुणी सक्षम नाही. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी तरीही खुलाशाचा नमुना लिहिला. सरकारी पत्राची सवय हाताला असते. त्यांनी वर ठळक अक्षरांत विषय लिहिला: ‘मोर काढलेल्या टँकरमधून रसायनयुक्त पाण्याची विक्री होत असल्याबाबत.’ खाली बारीक अक्षरांत, हे खरं नाही. मी ओरडलेच. म्हटलं, ‘अहो, लोक विषय वाचतात आणि कागद ठेवून देतात!’ ते शांतपणे म्हणाले, विषयात विषय नको तर काय हवं.

हे पत्र बाहेर जाणार नाही असं ठरलं आणि ते बाहेर गेलं. कसं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. फोटो फक्त वरच्या अर्ध्या भागाचा होता. आधी नुसता मेसेज होता, आता संस्थेच्या लेटरहेडवर छापलेला विषय आला. चाचांच्या उरलेल्या दोन सोसायट्याही त्या दिवशी बंद झाल्या.

मग मी कुणाला न विचारता सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. लांबलचक लिहिलं. मी त्या खोलीत हजर होते, हा मेसेज सरावासाठी रचलेला होता, रचणाऱ्यांनी खिडकीतून मोर पाहिला म्हणून तो लिहिला, चाचांचं पाणी स्वच्छ आहे, मी आज सकाळी प्यायले आहे. खाली माझं नाव आणि फ्लॅट क्रमांक. मग अध्यक्षांनी लिहिलं, ‘मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्हाला हे लिहायला कुणी सांगितलं?’ तळमजल्यावरच्या बँकेतल्या गृहस्थांनी लिहिलं, मॅडम ज्या संस्थेत जातात तिथं हेच शिकवतात, लोकांचं मत कसं वळवायचं ते. त्याला भराभर अंगठे आले. नवरा म्हणाला, ‘त्यांचंही बरोबरच आहे गं.’ त्या रात्रीचा स्वयंपाक मी केला नाही.

चाचा बांधकामावर पाणी टाकू लागले. बायपासला तेव्हा रोज नवा पाया खोदला जात होता, स्लॅबला पाणी मारायला टँकर लागायचेच. ‘सिमेंटला मोबाईल नसतो, मॅडम,’ ते एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले आणि हसले. पण तिथं बिल्डर पैसे महिनोन्‌महिने थकवतात आणि विहिरीवाल्याला रोजचे रोख लागतात. मोरावर सिमेंटचा थर बसला होता. तो त्यांनी धुतला नव्हता, हे मला त्यांच्या हसण्यापेक्षा जास्त खुपलं.

एप्रिल संपता संपता सगळेच टँकर कमी पडायला लागले. आमचा नवा टँकरवाला दोन दिवसांआड यायचा, मग येईना. सोसायटीची सभा झाली आणि चाचांना परत बोलवावं असं ठरलं. खरं तर तिथंच संपायला हवं होतं. पण मोठ्या माणसांना चूक झाली असं म्हणता येत नाही, त्यांना पद्धत लागते. अध्यक्षांनी पद्धत काढली: टँकर आला की आधी चाचांनी त्यातलं एक पेला पाणी वॉचमनसमोर प्यायचं, मग पाइप लावायचा. मी उभी राहून म्हटलं, हा अपमान आहे. अध्यक्ष म्हणाले, ‘अपमान कसला, उलट त्यांचीच बाजू भक्कम होते.’ चाचांना निरोप गेला. ते आले, स्टीलचा पेला भरला, प्यायले, वर तोंड पुसत वॉचमनला म्हणाले, ‘जिंदा हूँ. लगाव पाइप.’ सगळे हसले. बाकीच्या सोसायट्यांनीही तीच पद्धत उचलली. कर्नलसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते इतके खूश झाले, की विश्वास पुनःस्थापनेची प्रात्यक्षिक पद्धत म्हणून मसुद्याच्या परिशिष्टात घ्या म्हणाले. मी परिशिष्ट टाइप करायला नकार दिला आणि त्या दिवसापासून संस्थेत जायचं बंद केलं. मसुदा दिल्लीला गेला. पोच आली की नाही ठाऊक नाही.

मे महिन्यात रमजान लागला.

पहिल्या रोज्याच्या सकाळी गेटवर आवाज ऐकून मी गॅलरीत आले. चाचा टँकरजवळ उभे, वॉचमन पेला पुढं करून उभा. चाचा सांगत होते, ‘रोजा हाय बाबा. दिवसा पानी नाय चालत.’ वॉचमन गरीब माणूस, म्हणाला, ‘मला काय करायचंय, पण साहेब म्हणले पिल्याशिवाय पाइप नाय लावायचा.’ अध्यक्ष खाली आले. आवाज न चढवता, अगदी गोड बोलले, ‘चाचा, तुमच्या धर्माचा आम्हाला आदरच आहे. चूळ भरून दाखवा, बास.’ चाचांनी खरंच चूळ भरली आणि रस्त्याच्या कडेला थुंकली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, ‘गिळलं नाही बघा.’

चाचा पेला हातात तसाच धरून जमिनीकडे बघत राहिले. बेचाळीस डिग्री ऊन, आणि हजारो लिटर पाणी पाठीशी असलेला तो माणूस. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून संताप आला.

मी खाली गेले, त्यांच्या हातातून पेला घेतला आणि प्यायले. वॉचमननं पाइप लावला. मी चाचांना विचारलं, ‘पुढच्या गेटवर काय करणार?’

‘तिथं पन हेच हाय, मॅडम.’

‘आणि त्याच्या पुढं?’

ते नुसते हसले. मी गाऊनवर ओढणी घेतली होती, तशीच केबिनमध्ये चढले. नवरा गॅलरीतून काहीतरी विचारत होता, टँकरच्या आवाजात ऐकू आलं नाही.

पुढच्या सोसायटीत मला कुणी ओळखत नव्हतं. तिथला वॉचमन माझ्याकडे, मग चाचांकडे, मग परत माझ्याकडे बघत राहिला. मी सांगितलं, यांचा रोजा आहे, यांच्याऐवजी मी पिते. त्यानं पेला भरून दिला. दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवायला गेले, तशी त्यानं मान हलवली.

‘पूर्ण प्या,’ तो म्हणाला.