उन्हात पसरलेलं पीट

रामचंद्र मूळचा राजापूरकडचा. शारजाच्या नर्सरीत अकरा वर्षं काढली, तरी माती म्हटली की त्याचं डोकं गावच्याच पद्धतीने चालायचं. पेरणीआधी माती उन्हात चांगली तापवायची, म्हणजे कीड मरते, हे अंगात मुरलेलं. २००२ च्या उन्हाळ्यात कुंड्या भरायला युरोपातून ओलसर पीटचे गठ्ठे आले, तेव्हा या गृहस्थाने कुणाला न विचारता ते फोडले आणि दीड महिना उन्हात पसरून ठेवले. पीट म्हणजे माती नव्हे, दलदलीत साठलेलं जुनं शेवाळ, हे त्याला कोण सांगणार?

ऑक्टोबरात त्यात पिटुनियाच्या फुलांची रोपं लावली. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, मुळं करपली. मॅनेजरने खत जास्त झालं असं परस्पर ठरवलं आणि खत घालणाऱ्या वासुदेवला सुनावलं, "खलास. तेरा व्हिसा कॅन्सल." वासुदेव पन्नाशीचा, दोन मुली कॉलेजात. व्हिसा गेला म्हणजे नोकरी गेली, परत गावी.

दोन दिवसांनी माती-पाणी तपासणाऱ्या लॅबमधून अनुराधा मॅडम तपासणीला आल्या. पुण्याच्या, म्हणून रामचंद्राशी मराठीत बोलायच्या. कुंडीतून निथळलेलं पाणी त्यांनी मीटरने तपासलं.

"खत नाहीये हो हे. पाणी ताकापेक्षा आंबट झालंय. हे पीट कारखान्यांच्या बाजूचं असणार. धुरातलं सल्फर पावसाबरोबर दलदलीत उतरतं आणि ओल असेपर्यंत गप्प पडून राहतं. दुष्काळ पडून पीट वाळलं, की हवा लागून त्याचं ॲसिड होतं. मग पहिल्या पाण्याबरोबर बाहेर येतं. पण हेच गठ्ठे शेजारच्या नर्सरीत व्यवस्थित चाललेत. इथे दुष्काळ कुणी पाडला?"

रामचंद्राला उन्हात पसरलेलं पीट आठवलं. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं?

"मी वाळवलं, मॅडम."

अनुराधा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "रिपोर्टमध्ये लिहिलं तर तुमच्यावर येईल. नाही लिहिलं तर मॅनेजर खतावरच बोट ठेवणार."

"लिहा. नावासकट."

वासुदेव सुटला. रामचंद्राला पुढच्या शुक्रवारचं विमान मिळालं. निघायच्या सकाळी त्याने वासुदेवला गोदामात नेलं.

"नवे गठ्ठे आले की सावलीत ठेव. ओल जाऊ देऊ नकोस."

वासुदेवला मान वर करवेना. "रामभाऊ, मी असतो तर सांगितलं नसतं," तो म्हणाला.