आमच्या विहिरीचा तळ

“आवं, हिरीतलं पाणी कुटं ठिवलं तुमी?”

गावच्या यात्रेच्या दिवशी भल्या सकाळी आमच्या मंडळींनी, म्हणजे सुमनने, विहिरीच्या काठावरून अशी आरोळी ठोकली की आटपाडीच्या बाजारातल्या मेंढरांनीही माना वर केल्या असतील. मी ओसरीवर चहा पीत होतो.

“ठिवायचं कुटं? हिरीतच हाय की!”

“मग हिकडं या आन् मला दावा!”

गेलो. वाकलो. पाणी होतं, अगदीच नव्हतं असं नाही. दोन म्हशी गुडघे टेकून बसल्या असत्या तर त्यांची पाठ कोरडी राहिली असती, इतपत होतं.

आता ही विहीर म्हणजे काय चीज, ते सांगितलं पाहिजे. आमच्या या कोरड्या मुलखात उन्हाळा आला की गावच्या विहिरी एकेक करून डोळे मिटतात. आमची टक्क उघडी! आजोबांनी ती खणली तेव्हा त्यांच्या हातून निसटलेली पहार अजून तळाला पोचायची आहे. (आवाज आलेला नाही. आम्ही कान देऊन असतो.) आत वाकून हाक मारली तर उत्तर कानडीत येतं, इतकी खोल! लोक सोयरीक जुळवताना मुलाची नोकरी विचारतात. आमच्याकडे आले की आधी विहीर बघून जातात. मी फौजेत सुभेदार होतो, पण गावात माझी ओळख एकच: “त्या हिरीचे मालक.”

फक्त एका माणसाला हे मान्य नव्हतं. सुमनचा धाकटा भाऊ विलास. राहायला सांगलीत, विश्रामबागेला, आणि पोहायला शिकला कृष्णेत. दर यात्रेला माझं मटण खायचा आणि वर म्हणायचा, “दाजी, आमच्याकडं याला हीर न्हाई, बादली म्हणत्यात.”

गेल्या वर्षी पंगतीतच पैज लागली. पुढच्या यात्रेला त्याने आमच्या विहिरीत बुडी मारायची. तळाचा चिखल मुठीत घेऊन वर आला, तर मी माझा फेटा भावकीदेखत त्याच्या डोक्यावर ठेवायचा. नाही आला, तर त्याने कृष्णेची शपथ घेऊन म्हणायचं, “दाजींची हीर नदीपेक्षा खोल!”

वर्षभर हा गडी कृष्णेत बुड्या मारत होता आणि सुमन मला फोनवरची खबर पोचवत होती. “इलास आता पाण्याखाली इतका येळ ऱ्हातो, की काठावरची माणसं चप्पल त्याच्या घरी नेऊन देत्यात!” (नवऱ्याचा फेटा धोक्यात असताना बायकोने इतकं आनंदाने बोलू नये.)

मला घोर लागला. उन्हाळ्याने विहीर थोडी खाली गेली होती. म्हटलं, शेजारी बोर मारू, त्याचं पाणी विहिरीत सोडू आणि काठोकाठ भरून टाकू. मग मार म्हणावं बुडी!

सुमनला मी भाकऱ्यांची चवड पुढ्यात घेऊन शास्त्र समजावलं. “जमीन अशी थराथरानं असती. मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण, मग तांबडी माती, पुन्हा पाषाण. वरच्या भाकरीवर आमटी म्हंजे आपली हीर. खालच्या भाकरीवर दुसरी आमटी. मधनं आरपार भोक पाडलं की समदी आमटी आपली!”

“आवं, पर भाकरीला भोक पाडल्यावर वरची आमटी खाली न्हाई का जायाची?”

“तुला भूगोल कळत न्हाई. वाढ.”

यात्रेच्या आदल्या दिवशी बोर मारायची गाडी आली. विहिरीला खेटून बोर मारला. गाडीवाला म्हणाला, “सायब, केसिंग पाईप पाषाणापत्तुर खाली सोडूया का?” मी म्हटलं, “छट! पाईपानं वरचा थर झाकल्यावर त्याचं पाणी बोरात कसं येणार? समद्या थरांना वाट मोकळी ठेवा!” खालचा पाषाण फुटला आणि बोरातून घळघळ आवाज सुरू झाला. मी संध्याकाळी सगळ्या भावकीला बोलावून तो ऐकवला. “ऐका! पाणी येतंय!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी येण्याचा आणि जाण्याचा आवाज अगदी सारखा असतो, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आणि आता सकाळी ही अवस्था! मी डोक्याला हात लावतोय तोवर उतारावरून माझा चुलतभाऊ तुकाअण्णा पेढ्यांचा पुडा नाचवत आला. त्याचा बोर तीन उन्हाळे ठणठणीत कोरडा होता.

“सुभेदार! देवी पावली! माझ्या बोराला रातीत पाणी चढलं! त्वांड ग्वाड करा!”

माझंच पाणी, माझ्याच भोकातून खाली उतरून, खालच्या थरातून त्याच्याकडं मुक्कामाला गेलं होतं. आणि पेढा मी खात होतो!

एवढ्यात विलास आला. अंगाला तेल, कमरेला लंगोट, मागे अख्खी भावकी. त्याने विहिरीत डोकावलं. मग माझ्याकडं बघितलं. मग बुडी मारण्याऐवजी शांतपणे पायऱ्या उतरला, गुडघाभर पाण्यात वाकला, मूठभर चिखल उचलला आणि वर आला. केस कोरडे! जाताना भांग पाडला होता, तो येताना तसाच!

“दाजी, फेटा.”

फौजी माणूस. दिला.

पुढं पाईप पाषाणात रुतवून, भोवती सिमेंट भरून, वरचा थर मी बंद केला. दसऱ्यापर्यंत विहीर पुन्हा काठोकाठ! आज जाऊन हाक मारा, कानडीत उत्तर येतं. तुकाअण्णाच्या बोरावर ‘देवीची कृपा’ अशी पाटी लागली आहे. पाणी कुणाचं, यावर देवीशी वाद घालणाऱ्यातला मी नाही.

परवा आम्ही दोघं विश्रामबागेला गेलो, तर विलासच्या शोकेसमध्ये काचेची बरणी. आत आमचा चिखल, वर माझा फेटा! माझी तर छाती फुगली. तिथं बसलेल्या त्याच्या शेजाऱ्यांना मी ठणकावून सांगितलं, “नीट बघून घ्या! आमच्या हिरीचा तळ हाय ह्यो! तीन पिढ्यांत कुणाच्या नजरंला पडला नव्हता!”

“मग यांना कसा काय दिसला?” शेजाऱ्यांनी विचारलं.

सुमन चहात बिस्कीट बुडवत म्हणाली, “ह्यांनीच दावला.”